गाडीतली खरखर

"आता इंजिन बंद करा," कानसेन म्हणाला.

गाडी चालवत आलेल्या बाईने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, रेडिओची खरखर मात्र चालूच राहिली.

गल्लीत त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. रेडिओला नुसता कान लावून तो दुखणं सांगायचा, म्हणून कानसेन. या नावाचा तो वरवर वैताग दाखवायचा, पण दुकानाच्या पाटीवर त्याने तेच रंगवून घेतलं होतं.

इंजिन चालू असताना तडतड वाढते, बंद केलं तरी खरखर उरते, म्हणजे रेडिओ ठणठणीत आहे, दोष एरियलकडे आहे, असं त्याने जाहीर केलं. मागच्या सीटवरच्या आजोबांनी मान डोलावली. हे त्या बाईचे सासरे. चाळीस वर्षं बंदरावर बिनतारी खात्यात काढली, हे त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. अशा गिऱ्हाइकापुढे थापा मारायची सोय नसते, त्यामुळे कानसेन जरा जपूनच बोलत होता.

मग तुम्हीच का नाही उघडलात, असं त्याने विचारून पाहिलं. बारीक काम आता दिसत नाही, आजोबा म्हणाले. आठ दिवस झाले, गाडीत बातम्या नाहीत, घरच्या ट्रान्झिस्टरचे सेल संपलेत आणि सूनबाई नवे आणायचं रोज विसरते. कान असून बहिरा झालोय नुसता. रोज मागे लागलो, तेव्हा कुठे आज गाडी इथे आली.

सुनेचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली होती आणि पोट अडू नये म्हणून सीट पार मागे सरकवून ती गाडी चालवत आली होती. कानसेनने तिला स्टूल दिलं, आजोबांना दाराबाहेरच्या बाकावर बसवलं आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं.

दोष सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. रेडिओच्या मागे एरियलची वायर तुटलेली होती. उंदराने कुरतडलेली नव्हे, कात्रीने कचाकचा कापलेली, आणि वर काळी टेप. त्याने दोन्ही टोकं जोडून धरली आणि रेडिओ लावला. आता आवाज शेजारी बसून बोलल्यासारखा यायला हवा होता. खरखर थोडी कमी झाली, लांबवर कुणीतरी बोलतंय असं वाटलं, इतकंच.

तेवढ्यात सुनेचा हात पुढे आला आणि तिने रेडिओ बंद केला.

"दादा, ती मी कापलीय," ती हळूच म्हणाली. "जोडू नका."

कानसेन तसाच वाकून राहिला. बाकाकडे बघत, आवाज दाबून तिने सगळं सांगितलं. तिचा नवरा मालवाहू जहाजावर होता. आठ दिवसांपूर्वी वादळात त्या जहाजाचा संपर्क तुटला. बातम्यांत सारखं तेच. मामंजींना एकदा हृदयाचा झटका येऊन गेलेला, दुसरा धक्का त्यांना सोसायचा नाही. म्हणून तिने वायर कापली, ट्रान्झिस्टरचे सेल काढून टाकले, पेपरवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. रोज भाजीच्या निमित्ताने ती कंपनीच्या ऑफिसात जाऊन यायची. शोध चालू आहे, असं तिथले कारकून सांगायचे.

"ते सापडतील हो. मला आतून वाटतंय. तोवर मामंजींना कळता कामा नये."

तीस वर्षांत कानसेनला दोष काढ म्हणणारे हजार भेटले होते, राहू दे म्हणणारं हे पहिलंच माणूस. त्याने वायर पुन्हा सुटी केली आणि टेप होती तशी गुंडाळली. एक पार्ट जळलाय, बाहेरून मागवावा लागेल, महिनाभर तरी लागेल, असं सांगायचं दोघांनी ठरवलं.

बाकापर्यंत जाताना त्याला धाकधूक होती. बिनतारी खात्यातला माणूस, आता उलटतपासणी घेणार. पण आजोबा नुसतं "बरं" म्हणाले. कुठला पार्ट, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. कानसेन सुटल्यासारखा झाला.

सून तोंडावर पाणी मारायला मागच्या नळावर गेली. कानसेनला मात्र चैन पडेना. वायर जोडून धरली होती, तरी खरखर का उरली? एका कापलेल्या वायरीने असं होत नाही. तो गाडीच्या पुढच्या बाजूला गेला आणि एरियलच्या बुडाचा नट त्याने सोडवला. हे बूड गाडीच्या पत्र्याला घट्ट टेकलेलं असावं लागतं, नाहीतर खरखर ठरलेलीच. इथे मधे कागद होता. चारपदरी घडी, कडा पट्टी लावून कापल्यासारख्या सरळ, मधोमध गोल भोक, आणि वरून नट पक्का आवळलेला. वायर कचाकचा कापणाऱ्या हाताचं हे काम नव्हतं.

त्याने घडी उलगडली. ती तार होती. आजोबांच्या नावाने, जहाज कंपनीकडून आलेली, गेल्या गुरुवारची. भोकात काही शब्द गेले होते, तरी उरलेलं स्वच्छ वाचता येत होतं. मुलाचा मृतदेह मिळाला. ओळख पटली.

कानसेनने तार पुन्हा वाचली.

मागे काठी टेकल्याचा आवाज आला. आजोबा त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. नळाचं पाणी अजून वाहत होतं आणि त्यांचा कान तिकडेच होता.

"कागद होता तसा घालून ठेव, बाळा," ते म्हणाले. "कंपनीच्या ऑफिसातही मीच सांगून ठेवलंय, शोध चालू आहे एवढंच तिला म्हणा. तिला अजून दोन आठवडे काढायचेत."