समईसारख्या लख्ख

"आई, काळ्या खुणेच्या पुंगळ्या कुठे गेल्या?" सून केतकीने गॅरेजमधून विचारलं.

वत्सलाबाई खुलल्या. मिरजेहून टेक्सासला आल्यापासून लेकाच्या, शार्दूलच्या, झाडलेल्या काडतुसांचं ते कळकट पितळ त्यांना बघवत नव्हतं. "अगं, खुणेच्या नि बिनखुणेच्या, दोन्ही डब्यांतल्या काल एकत्रच चिंच-मीठ लावून घासल्या. खुणासुद्धा निघाल्या. समईसारख्या लख्ख झाल्यात!"

केतकी धावत आत आली. "त्या बाद होत्या, आई! शार्दूल आत वाकडी तार घालून चाचपतो. तार अडकली, तर बुडाशी चीर गेलीय समजायचं. तसली पुंगळी पुन्हा भरली, तर बंदूक तोंडावर फुटू शकते."

वत्सलाबाईंना सकाळ आठवली. सकाळीच त्याने त्यातल्या मूठभर पुंगळ्यांत दारू भरली होती आणि नवी काडतुसं घेऊन तो नेमबाजीला गेला होता.

केतकीने स्पीकरवर फोन लावला. रिंग वाजत राहिली. शेवटी एकदाचा त्याने उचलला.

"अगं, आईला सांग, काडतुसं काय चमकतायत! इथे सगळे विचारतायत, कशाने घासलीस म्हणून. थांब, पहिली गोळी तिच्या नावाने. फोन टेबलावर ठेवतो, ऐक म्हणावं तिला."

"नको रे, शार्दूल!" दोघी एकदमच किंचाळल्या.

पलीकडून फक्त खटका सरकून काडतूस बंदुकीत बसल्याचा आवाज आला.

कानांवर आवाज अडवणारी ती जाड झाकणं चढवल्याशिवाय गोळी मारायची नाही, असं सकाळी निघताना त्याला वत्सलाबाईंनीच बजावलं होतं.