तारवातले चिमटे

"पूर येतोय हं! जे सांगितलेलं ऐकतात त्यांनाच नोहा तारवात घेतो," मार्थाआजी स्वयंपाकघरातल्या सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. तीस वर्षं चर्चच्या संडे स्कूलमध्ये मुलांना बायबलच्या गोष्टी सांगत आलेली बाई ती. बिस्किटांचा डबा म्हणजे माणसं-प्राणी पुरातून वाचवणारं नोहाचं तारू, कपडे वाळत घालायचे तीन चिमटे म्हणजे घरची माणसं.

तीन वर्षांच्या शेरॉननं खेळण्यातले हत्ती-घोडे डब्यात कोंबले. मग पिवळा चिमटा बाजूला टाकला. "मम्मी नाही. तू म्हणतेस ना, मम्मी ऐकत नाही?"

आत मिक्सर बंद झाला. आजी पदर सावरत गालातल्या गालात हसली.

तेवढ्यात लाल चिमटाही पिवळ्याशेजारी जाऊन पडला. "आजीपण नाही. मम्मी म्हणते, आजी कुणाचंच ऐकत नाही."

उरलेला निळा चिमटा तिनं अलगद तारवात ठेवला. "पप्पा सगळ्यांचं ऐकतात."

सोफ्यावरच्या पप्पांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

सून दारात येऊन उभी राहिली. सासूनं तिच्याकडे पाहिलं, तिनं सासूकडे. लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं.

आजीनं निळा चिमटा बाहेर काढला.