बर्फावरची नळी

"आज वार कोणता, काका?" डॉ. दीप्तीने विचारलं.

भिवाजीने बायकोकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बुधवार?"

"बगा," सरस्वती म्हणाली. "असंच चालतं यांचं, बाय. गॅस चालू ठेवतात. चावी मिठाच्या बरणीत टाकतात. परवा कालवणात दोनदा मीठ पडलं. विचारलं तर बोलतात, मीच घातलं."

"मीच घातलेलं," भिवाजी म्हणाला.

हे कोलशेतचं कोळी जोडपं. भिवाजीची उभी हयात खाडीत जाळी टाकण्यात गेली. मधे दोघं डोंबिवलीला मुलीकडे, दक्षताकडे, राहायला गेले होते. वडिलांचं विसरणं ऐकून दक्षता घाबरली. तिने तिथल्याच एका सेंटरमध्ये त्यांना रक्त द्यायला लावलं. रिपोर्टमध्ये अल्झायमरची शक्यता आली. कोलशेतच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि पुढच्या तपासणीसाठी त्यांना घोडबंदर रोडवरच्या या दवाखान्यात दीप्तीकडे पाठवलं.

दीप्तीला तो रिपोर्ट पटत नव्हता. तिने लॅबला फोन लावला. पलीकडून जे कळलं, ते ऐकून तिने डोळेच मिटले. रक्ताची नळी दुपारपर्यंत काउंटरवर तशीच पडून होती. मग ती गाडीत चढली, आणि गाडी शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. बर्फ नव्हताच.

"काका, हा रिपोर्ट चुकीचा असू शकतो," फोन ठेवत ती म्हणाली. "रक्तात एक प्रथिन असतं. या आजारात ते कमी दिसतं. पण नळी उबेत राहिली, तरीही ते कमी होतं. मग आजार नसतानाही आजार दिसतो."

भिवाजी पुढे सरकून बसला. "म्हंजे मेंदूत बिघाड झाला, तर तो रक्तात कळतो?"

"त्याची सावली कळते."

"आणि ती सावली उन्हानं जाते?"

दीप्ती हसली. इतकी वर्षं ती हेच काम करत होती, तरी या गोष्टीचं तिला दर वेळी नवल वाटायचं. माणसाचं नाव, गाव, लेकरांचे चेहरे, सगळं ज्या मेंदूत साठतं, त्याची खबर एका बोटभर नळीत उतरते. आणि ती खबर इतकी नाजूक, की दुपारची ऊबही तिला बदलून टाकते.

"मासळीसारखंच," भिवाजी पुटपुटला. "बर्फ नाय, तर गेली."

"रगत कशाला काढतात यांचं?" सरस्वतीने विचारलं.

"मनाबी नीट आयकू आलं नाय," भिवाजी घाईघाईने म्हणाला. "परत सांगा ना, बाय."

दीप्तीने सगळं पुन्हा सांगितलं. भिवाजी मान डोलवत राहिला. मग त्याची नजर खिडकीबाहेर गेली. इमारतींच्या फटीतून खाडीची चकचकीत रेघ दिसत होती.

"आज अष्टमी. भांगाचं पानी," तो म्हणाला. "जोर नाय त्याला. आता ओहोटी लागंल."

दीप्तीला पुन्हा नवल वाटलं. वार आठवत नाही, पण समुद्राचं गणित जागच्या जागी आहे. जुनं शेवटपर्यंत टिकतं आणि नवं आधी जातं, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. ते असं समोर बसून बोलेल, असं वाटलं नव्हतं.

टेक्निशियन महेंद्र आत आला. त्याने भिवाजीचं रक्त काढलं आणि नळी लगेच बर्फाच्या चुऱ्यात खोचली.

"या वेळी इथल्या इथेच प्लाझ्मा वेगळा करून गोठवायचा," दीप्ती म्हणाली. "आणि काकी, रिपोर्ट चांगला आला, तर यांच्या गोळ्या लगेच बंद."

सरस्वतीने हात जोडले. "एकवीरा आई पावली, बाय."

भिवाजीचा चेहरा मात्र उतरला. चांगल्या बातमीवर एवढ्यात विश्वास बसत नसेल, असं दीप्तीला वाटलं.

"काकी, तुम्ही बाहेर बसा. महेंद्र, यांना पाणी दे आणि मशीन तयार कर."

दोघं बाहेर गेले. दीप्ती कागदावर काही लिहू लागली. बर्फाचा आवाज झाला म्हणून तिने वर पाहिलं. भिवाजीने नळी बर्फातून काढली होती आणि खिडकीत, उन्हाच्या तिरिपीत ठेवली होती.

"काका!" ती धावली. तिने नळी उचलून पुन्हा बर्फात घातली. "आत्ताच सांगितलं ना तुम्हाला? दोनदा सांगितलं. विसरलात?"

"नाय, बाय."

त्याचा आवाज आता वेगळाच होता, शांत आणि सरळ.

"नळी उबेत राहिली, की प्रथिन कमी होतं. मग आजार नसला तरी दिसतो. बर्फात राहिली, की खरं काय ते कळतं. सगळं ध्यानात हाय माज्या. आज शुक्रवार, ते पण ध्यानात हाय."

दीप्ती त्याच्याकडे बघतच राहिली. मघाशी वार विचारल्यावर हाच माणूस बायकोच्या तोंडाकडे पाहत होता.

"मग नळी बाहेर का काढली?"

"खरं कळलं, तर तुमी गोळ्या बंद करनार."

"अहो, तुम्हाला आजारच नसेल, तर त्या गोळ्या तुम्ही कशाला घ्यायच्या?"

भिवाजीने बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मी कुठं घेतो, बाय? सरस्वतीला देतो."