दिंबी बाहेर येतोय

तिसरा स्क्रू काही केल्या आत जाईना, तेव्हा लालाओने त्याला साबण लावला. मग गेला मुकाट्याने. गिटारची मान धडाला घट्ट बसली.

"हे काय मांडलंयस?" दारातून थोरल्या दिराने, राझाफीने विचारलं.

"गिटार आहे, भाऊजी. सुटे भाग राजधानीतून मागवले. जोडतेय."

"एक जाळली ती पुरली नाही?"

लालाओने कथील वितळवायची तापती सळई उचलली. ती डाग द्यायला बसली. अंत्सिराबेच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करून तिने नवऱ्याविना एकटीने संसार ओढला होता. चार वायरींना डाग देणं तिच्या हातचा मळ होता.

"या गिटारच्या नादानेच तो आत गेला," राझाफी म्हणाला. "त्या दिवशी गुत्त्यावर वाजवायला गेला नसता, तर आज घरात असता."

"सात वर्षं हेच ऐकतेय. जाळलीत तेव्हा गप्प बसले, तीच चूक झाली. शनिवारी दिंबी बाहेर येईल, तेव्हा त्याच्या कानावर पहिला सूर गिटारचाच पडेल."

"ज्योतिषाने मुहूर्त काढून दिलाय. गावजेवण आहे, डुकरं कापायचीत. कर्णेवाले, ढोलवाले मी ठरवलेत. चारचौघांत शोभा करू नकोस."

"शोभा झाली तर माझी होईल."

"तिथे दिसली, तर हीही चुलीत जाईल."

"मग मलाही घाला चुलीत," ती म्हणाली आणि डागाचा धूर फुंकून बाजूला केला.

राझाफी निघाला, पण खुंटीवरचं नवं रेशमी वस्त्र बघून थबकला.

"दिंबीला?"

"अंगावरचं फाटून गेलं असेल ना एव्हाना."

त्याने वस्त्राचा काठ बोटांनी चाचपला. तो गेला.

तिने तारा चढवल्या. दिंबीला तारा अगदी खाली, गिटारच्या मानेला जवळजवळ टेकलेल्या लागायच्या. जाड तार खरखरायची, लोक हसायचे. "खरखरू दे की," तो म्हणायचा, "माझाही घसा तसाच आहे." लालाओ तारांची उंची ठरवणारे स्क्रू पाव-पाव फिरवत राहिली. अखेर ती खरखर नेमकी लागली, आणि तिला रडू फुटलं. मेल्याने काय जीव लावून ठेवला होता!

शनिवारी टेकडीवरच्या दगडी दारासमोर सगळं गाव जमलं. लालाओने स्पीकर गाडीच्या बॅटरीला जोडला आणि गिटार गळ्यात अडकवली. राझाफी तरातरा आला.

"काढ ती."

"नाही काढणार. काय करायचं ते करा." तिने रेशमी वस्त्र त्याच्या हातात कोंबलं. "हे धरा. आज तरी थोरल्या भावासारखे वागा."

आणि तिने दिंबीचं गाणं सुरू केलं. जाड तार खरखरली. कर्णेवाले राझाफीच्या तोंडाकडे बघायला लागले.

दार सरकलं. आतून गार हवा आली, मागोमाग चौघे जण दिंबीला घेऊन उन्हात आले. राझाफीने हात वर करून कर्णेवाल्यांना थांबवलं. त्याने गुडघ्यावर बसून रेशमी वस्त्र पसरलं, पितरांना नवं वस्त्र द्यायच्या गावच्या रीतीने भावाची हाडं त्यात नीट गुंडाळली, खांद्यावर घेतली, आणि गिटारच्या तालावर तो थडग्याभोवती नाचायला लागला.