यंदाची ओल

"इतक्या वर्षांत या भिंतीला कधी ओल आली नाही, मग यंदाच कशी आली?" सुनेने मिस्त्रीला विचारलं.

मिस्त्री शिडीवरून खाली उतरला. "छप्पर ठणठणीत आहे, वहिनी. पन्हळ पाल्याने गच्च तुंबलीय, म्हणून पाणी भिंतीत उतरतंय. दरवर्षी साफ कोण करायचं?"

"कोणीच नाही. आमच्याकडे शिडीला हात लावतंय कोण!"

"मग हा कोणाचा?" त्याने पाल्यात सापडलेला चष्मा पुढे केला. एका दांडीला काळा दोरा गुंडाळला होता.

चष्मा सासऱ्यांचा होता. गेल्या वर्षी बसमध्ये विसरलो म्हणाले होते. त्यावरूनच घरात सगळ्यांचं ठरलं, की बाबांच्या लक्षात आता काही राहत नाही. तेव्हापासून त्यांचं एकट्याने बाहेर जाणं बंद होतं, आणि दुपारी घरातसुद्धा कोणी ना कोणी त्यांच्यासोबत थांबायचं.

सुनेने चष्मा धुऊन त्यांच्या हातात दिला. "बाबा, तेव्हाच खरं का नाही सांगितलंत?"

सासऱ्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि आधी भिंतीवरची ओल नीट पाहून घेतली.

"सांगितलं असतं तर तुम्ही शिडीच काढून टाकली असतीत," ते म्हणाले. "म्हटलं, बसमध्ये विसरलो म्हणावं. फार तर चार शब्द ऐकून घ्यावे लागतील."