दुसरा प्रोसेसर

१९९३ साली बोईसरच्या एका कंपनीत दोन प्रोसेसरांचा कॉम्प्युटर तयार झाला, पण त्याची ऑपरेटिंग सिस्टीम सगळी कामं पहिल्याच प्रोसेसरच्या गळ्यात घालायची आणि दुसरा नुसता बसून राहायचा. पुष्पलताने तीन महिने खपून ही चूक दुरुस्त केली. शेजारच्या टेबलावरचा नवापूरचा वामन रोज म्हणायचा, "ताय, दमलीस तं सांग, मी हाय ना," आणि चहाला जायचा.

"सर, आता आम्हा दोघांतही कामाची अशीच वाटणी करा," ती म्हणाली. साहेबांना ते अगदी मनापासून पटलं.

 

सोमवारी त्यांनी वामनला तिचा वरिष्ठ केलं आणि तिला समजावलं, "काम वाटून द्यायला मोकळा माणूस लागतो, आणि तू तर कधीच मोकळी नसतेस."