सारवण

कुसाबाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन चर्चच्या दारात आली आणि तिथंच थबकली. आत सारवलेली जमीन नव्हती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढऱ्याशुभ्र फरश्या होत्या.

"सलाम, मावशी. या ना आत," दिनेश म्हणाला. तो गुडघ्यांवर बसून शेवटच्या सांध्यात पांढरं सिमेंट भरत होता. "चपला असू द्या पायात. आता काही खराब होत नाही."

दिनेश नाशिकचा, इंदिरानगरला फरशी बसवायची कामं घेणारा. वर्षातून एकदा तो आणि त्याच्या चर्चच्या मंडळीतले चार-पाच जण कामावर सुट्ट्या टाकून, पदरचं खाऊन एखाद्या पाड्यावरचं चर्च दुरुस्त करायला जात. देवाची सेवा म्हणून. यंदा हरसूलजवळचा हा पाडा होता. ठरलं होतं फक्त पत्रे बदलायचं. फरशीचं दिनेशच्याच मनानं घेतलं. मागं एकदा आला होता तेव्हा त्यानं या म्हातारीला रांगत रांगत अख्खं चर्च सारवताना बघितलं होतं. मधेच कंबर धरून बसायची, पुन्हा सुरू व्हायची. त्याला राहवलं नाही. या वेळी ती बाहेरगावी द्राक्षाच्या मजुरीला गेली होती, तर ती यायच्या आत उरकायचं म्हणून सगळे जीव तोडून राबले. म्हातारीला खूश करायचं होतं बिचाऱ्यांना.

"तुमच्यासाठीच केलं, मावशी. दर शनिवारचा त्रास गेला तुमचा. ओलं फडकं फिरवलं की झालं."

कुसाबाईनं पाटी दाराबाहेर ठेवली. चपला तिच्या पायात नव्हत्याच. ती वेदीपर्यंत चालत गेली, वाकली आणि फरशीवर तळवा फिरवला.

"गार हाय," ती म्हणाली.

"उन्हाळ्यात बरं वाटेल."

"लय चांगलं केलं दादा तुम्ही." परक्या माणसांनी आपल्यासाठी एवढा घाम गाळला, त्यांना आणखी काय म्हणणार? पण तिचा तळवा फरशीवरून उठेना. "हिच्या खाली जमीन हाय ना तशीच?"

"छे, तशी कशी ठेवणार? फरशी दबली असती. वीतभर खणून काढली, मग काँक्रीट टाकलं. पक्कं काम आहे, मावशी."

म्हातारीचा चेहरा उतरला. ती फरशीवरच बसली.

"त्यात माझी छाया व्हती," ती म्हणाली.

"छाया कोण?"

"लेक माझी. एकुलती एक."

दिनेशनं थापी खाली ठेवली. "तिला इथं पुरलं होतं?"

"नाय रे बाबा. कबर तिकडं हाय, डोंगराखाली. पण तिकडं गेलं का मला तिचं दुखणंच दिसतं. पिवळी पडलेली, सुकलेली. इथं ती चांगली व्हती. दोघी मिळून सारवायचो, एक बाजू माझी, एक तिची. आजारी पडली त्याच्या आदल्या शनवारी तिनं इथं सारवलं. मग मी त्याच्यावरच सारवत आले. हलक्या हातानं. खाली तिची बोटं व्हती ना."

दिनेशला तोंडात मारल्यासारखं झालं. खणताना सारवणाचे पापुद्र्यांवर पापुद्रे निघाले होते. किती वर्षांची ही घाण, म्हणून सगळे हसले होते. तोही हसला होता. आता ते आठवून त्याला मान वर करवेना.

"माती कुठं टाकली?" कुसाबाईनं विचारलं.

"रस्त्यात," तो कसाबसा म्हणाला. "वळणावर खड्डा होता. टेम्पो चढत नव्हता म्हणून भरला."

कुसाबाई उठली. दाराबाहेरची पाटी तिनं डोक्यावर घेतली आणि चालू लागली. दिनेशला तिच्या मागं जायची हिंमत झाली नाही.

ऊन कलल्यावर सामान भरून टेम्पो नाशिकला निघाला. वळणावर टेम्पो चालवणाऱ्या दत्तूनं करकचून ब्रेक मारला. पुढं रस्त्याच्या मधोमध कुसाबाई बसली होती. रस्ता का कुणी सारवतं? पण ती सारवत होती. चाकांनी दाबून टाकलेल्या मातीवरून तिचा हात गोल फिरत होता, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. ती रडत होती आणि कोण बघतंय याची तिला फिकीर नव्हती.

दत्तूचा हात हॉर्नकडे गेला.

"नको," दिनेश म्हणाला. "गाडी बंद कर."

तो उतरला. तिच्यापाशी गेला.

"मावशी, चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं? तुला काय ठावं?"

याहून तिनं चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. दिनेश तिच्यासमोर रस्त्यात मांडी घालून बसला. भरलेल्या खड्ड्याची एक बाजू अजून कोरडी होती. त्यानं पाटीतलं मूठभर शेण घेतलं आणि समोरच्या कोरड्या मातीवर हात टेकवला.

कुसाबाईनं त्याचं मनगट धरलं. रागानं नाही, अगदी हळू.

"तेवढी बाजू राहू दे, दादा," ती म्हणाली. "ती छायाची हाय."